हज्जामाचा हक : उजरत, हदिया आणि सदका

केस कापून झाले, मानेवरचे केस झटकून झाले, की खुर्चीतून उठताना ठरलेल्या दरावर दहा-वीस रुपये जास्त ठेवावेत की नाहीत, हा प्रश्न वरवर पाहता इतिहासाचा वाटत नाही. तो शिष्टाचाराचा वाटतो. कोणी खुशीने देतात, कोणी 'सवय बिघडते' म्हणून देत नाहीत, कोणी सुटे परत घेण्याचा कंटाळा म्हणून सोडून देतात. परंतु या वरच्या पैशाला नेमके नाव काय द्यायचे असे विचारले, तर उत्तर देणे अवघड जाते. तो मजुरीचा राहिलेला भाग आहे काय? भेट आहे काय? की खैरात आहे?

इस्लामी फिकहमध्ये या तिन्हींना वेगवेगळी नावे आहेत. कामाचा मोबदला ती उजरत. आपखुशीने दिलेली भेट तो हदिया. गरजूला अल्लाहच्या नावाने दिलेला तो सदका. उजरत हा घेणाऱ्याचा हक असतो, हदिया ही देणाऱ्याची मर्जी असते आणि सदक्यात देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली असतो. आमच्या समाजात हज्जाम, दाई, मय्यतीला गुस्ल देणारे अशा, माणसाच्या देहाची सेवा करणाऱ्यांच्या वाट्याला हे तिन्ही एकमेकांत मिसळून आले. या मिसळणीत नुकसान झाले ते बहुतेक वेळा घेणाऱ्याचेच, असे आम्हांला वाटते. ते कसे झाले, याचा हा थोडा मागोवा.

शब्दांचा प्रवास

'हज्जाम' हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ केस कापणारा असा नाही. हिजामा म्हणजे तुंबडी लावून शरीरातले रक्त काढण्याचा उपचार; तो करणारा हज्जाम. हिंदुस्थानात वस्तरा, तुंबडी, जखमेवरची पट्टी आणि सुंता ही सारी कामे एकाच पेटीतून होऊ लागली आणि वैद्यकी करणाऱ्याचे नाव केस कापणाऱ्याला चिकटले. नाव आले, पण वैद्याचा मान त्याच्याबरोबर आला नाही. मराठीत 'हजामत करणे' म्हणजे लुबाडणे किंवा खरडपट्टी काढणे, आणि 'बिनपाण्याने करणे' म्हणजे त्याहून वाईट. उर्दूत त्याच माणसाला अदबीने 'खलिफा' म्हणतात, आणि रागाच्या भरात 'हज्जाम' ही शिवी म्हणूनही वापरतात. एका धंद्याला समाज एकाच वेळी किती गरजेने आणि किती तुच्छतेने पाहतो, ते या शब्दांत दिसते.

देण्याघेण्याच्या शब्दांचेही तसेच आहे. 'बक्षीस' हा फारसी 'बख्शिश' वरून आला. त्या मूळ क्रियापदात देणे आणि क्षमा करणे असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणून 'जान बख्शणे' असा प्रयोग होतो. बख्शिश देणारा वर असतो. याच दरबारी भाषेतून आलेला 'नजराणा' मात्र खालून वर जातो. निजामाच्या दरबारात उमराव हातरुमालावर अशर्फी ठेवून पुढे करीत, ती नजर. मराठवाड्याने ही रीत १९४८ पर्यंत जवळून पाहिली. म्हणजे इनाम, खिलत, बख्शिश वरून खाली. नजर, नजराणा खालून वर. समपातळीवर चालणारा शब्द एकच उरतो, तो म्हणजे 'हक'. मराठीने त्याला जवळ केले आणि 'हक्क' असे रूप दिले.

मदिनेतील हिशेब

हज्जामाच्या पैशाचा प्रश्न प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातच उपस्थित झाला होता. अबू तैबा हा एक गुलाम हज्जाम होता. त्याने प्रेषितांना हिजामा केला. हदीसच्या ग्रंथांत हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेल्या माहितीप्रमाणे प्रेषितांनी त्याला मोबदला म्हणून धान्य-खजुराचे माप देवविले आणि एवढ्यावर न थांबता त्याच्या मालकांशी बोलून, त्याच्या रोजच्या कमाईतून ते जी रक्कम उकळीत ती कमी करायला लावली. या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. काम झाल्याबरोबर मोबदला दिला, ही पहिली. त्या मोबदल्यातला किती भाग कारागिराच्या हाती उरतो याची चौकशी केली, ही दुसरी. आज खुर्चीवर बसणारे आपण पहिल्या गोष्टीपाशीच थांबतो.

दुसऱ्या बाजूच्या हदीसही आहेत, त्या दडवण्याचे कारण नाही. हज्जामाच्या कमाईला हलकी म्हणणारी रिवायतही ग्रंथांत आहे. त्यावर हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी दिलेले उत्तर साधे आहे: प्रेषितांनी हिजामा करून घेतला आणि हज्जामाला मोबदला दिला, ती कमाई हराम असती तर त्यांनी दिलीच नसती. बहुतेक फकिहांनी पुढे हेच मत धरले. तरीही आमच्या शरीफ घराण्यांनी पहिली रिवायत लक्षात ठेवली आणि इब्ने अब्बासांचे उत्तर विसरले. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याचा आदेश जुम्म्याच्या बयानात वारंवार ऐकू येतो. तो हज्जामाच्या ओट्यापर्यंत मात्र क्वचितच पोहोचला.

आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दाखला कुर्बानीचा आहे. हज्जच्या वेळी प्रेषितांनी हजरत अली (रजि.) यांना कुर्बानीच्या उंटांचे मांस, कातडी आणि झुली खैरातीत वाटायला सांगितले, कापणाऱ्याला यातले काही मजुरी म्हणून देऊ नये, त्याची मजुरी आम्ही आमच्याकडून देऊ, असेही बजावले. म्हणूनच आजही बकरी ईदला कातडे कसायाला मजुरीपोटी देता येत नाही. मजुरी आधी वेगळी चुकती करायची. त्यानंतर भेट म्हणून त्याला मांस द्यायला कोणाची हरकत नाही. खैरातीच्या मालातून मजुरी भागवायची नाही, हे या नियमाचे मर्म. घरोघर पाळला जाणारा हा नियम आम्ही फक्त कसायापुरता ठेवला.

खळ्यावरचा वाटा

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मराठी गावगाड्यात न्हाव्याला दर हजामतीचे पैसे मिळत नसत. वर्षभर त्याने घरातल्या पुरुषांच्या हजामती करायच्या, लग्नकार्यात राबायचे, निरोप पोहोचवायचे, मशाल धरायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुते घ्यायचे. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) बारा बलुतेदारांच्या तीन ओळी दिल्या आहेत. सुतार, लोहार, महार, मांग ही थोरली ओळ. कुंभार, चांभार, परीट, न्हावी ही मधली. भट, मुलाणा, गुरव, कोळी ही धाकटी.

या यादीतला मुलाणा म्हणजे आमचाच माणूस. मशिदीची देखभाल, निकाह, आणि गावच्या बकऱ्या-कोंबड्यांचे जबह ही त्याची कामे. हिंदू शेतकऱ्याच्या घरचा बकराही मुलाण्याच्या सुरीखाली जाई, आणि त्याबद्दल मुलाण्याला ठरलेला वाटा मिळे. त्याच गावात मुसलमान शेतकऱ्याची दाढी हिंदू न्हावी करी. सातारा, सांगली, सोलापूरकडे आजही आढळणारे 'मुलाणी' हे आडनाव त्या व्यवस्थेची खूण आहे. न्हावी आणि मुलाणा हे दोघे खळ्यावर एकाच रांगेत उभे राहत, ही गोष्ट आमच्या इतिहासात पुरेशी सांगितली गेलेली नाही.

बलुते हा हक होता, मेहरबानी नव्हती. न्हावकीचे वतन वडिलोपार्जित असे. ते भावाभावांत वाटले जाई, प्रसंगी गहाणही पडे. पीक किती आले त्यावर वाटा कमी-जास्त होई, पण बलुतेदार खळ्यावर आला म्हणून त्याला 'मागता' म्हणता येत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात या देण्याघेण्याची बारकाईने चर्चा आहे. तीत बलुत्याचे ओझे कुणब्यावर कसे पडते, याची तक्रारही आहे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. हक होता, पण तो जातीला जखडलेला होता. न्हाव्याच्या मुलाने वस्तराच धरायचा. आणि हाच न्हावी महार-मांगांच्या डोक्याला हात लावीत नसे. गावाला नाराज करून त्याने तसे केले असते, तर त्याचे बलुते बंद झाले असते. म्हणजे ज्या हकाने त्याचे पोट भरले, त्याच हकाने त्याला दुसऱ्याचा अपमान करायला भाग पाडले.

ताटलीतले पैसे

बलुत्याच्या जोडीला प्रसंगाप्रसंगाचे देणे होते. आमच्या घरांतला पहिला प्रसंग अकीक्याचा. सातव्या दिवशी बाळाचे जावळ काढायचे आणि त्या केसांच्या वजनाइतकी चांदी खैरात करायची, ही सुन्नत. दुसरा सुंतेचा, तिसरा नवरदेवाच्या हजामतीचा. दख्खनच्या मुसलमानांच्या चालीरीतींचे वर्णन करणारा जाफर शरीफ यांचा 'कानून-ए-इस्लाम' हा ग्रंथ १८३२ मध्ये इंग्रजीत आला. असे प्रसंग आणि त्यांतले देणेघेणे किती तपशिलाने ठरलेले होते, ते त्यावरून कळते.

या प्रसंगी हज्जामापुढे ताटली किंवा कटोरा ठेवला जाई. मामा, चाचा, फुफ्या एकेक करून नाणे मुलावरून ओवाळीत आणि ताटलीत टाकीत. पैसे चांगले जमत, हज्जाम खूश होई. पण नाणे ओवाळून टाकण्याचा अर्थ काय, याचा विचार करावा. मुलावरची बला उतरवून ती नाण्याबरोबर बाहेर टाकायची, हा तो विधी. तो सदका आहे. सुंतेसारखे जोखमीचे काम करणाऱ्या कुशल माणसाची मजुरी अशा रीतीने उताऱ्याच्या पैशातून भागवली गेली. ताटलीत भरपूर पडले म्हणून वेगळी उजरत द्यायची गरज उरली नाही, आणि कमी पडले तर तक्रार करायची सोय उरली नाही. कुर्बानीच्या कातड्याबाबत जी काळजी आम्ही घेतली, ती येथे घेतली नाही.

बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या दाईचेही तेच. तिला साडी-चोळी, गूळ, धान्य मिळे. मुलगा झाला तर जास्त, मुलगी झाली तर कमी. कष्ट दोन्हीकडे सारखेच. मजुरी कामावर ठरते, बख्शिश देणाऱ्याच्या आनंदावर ठरते, याचे याहून उघड उदाहरण नसेल. शेवटची अंघोळ घालणाऱ्याला मय्यतीचे कपडे देण्याची चाल अनेक ठिकाणी होती. ज्याने आपल्या बापाचा देह अदबीने धुतला, त्याच्या हाती आपण उतरलेले कपडे ठेवावेत, हे कोणाला खटकले नाही.

यामागे आमच्यातली बिरादरीची उतरंड आहे. इस्लाममध्ये जात नाही असे आम्ही व्यासपीठावरून सांगतो. पण हज्जामाच्या घरी सोयरीक करायची वेळ आली की अश्राफ-अजलाफची पोथी उघडते. उत्तर हिंदुस्थानातल्या हज्जामांनी हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्याशी नाते जोडून 'सलमानी' हे नाव घेतले, ते ही हेटाळणी झुगारण्यासाठीच. महाराष्ट्रात १९९० नंतर जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांच्या पुढाकाराने मुस्लिम ओबीसींची जी चळवळ उभी राहिली, तिने प्रथमच या कारागीर बिरादऱ्यांच्या प्रश्नांना उघड वाचा फोडली.

दरफलक आणि संप

शहराने हे चित्र बदलले. मुंबईत सलून आले, पुढे गावोगाव 'केशकर्तनालय' अशा पाट्या लागल्या. भिंतीवर आरसा, आरशाशेजारी दरफलक. या दरफलकाचे मोल आम्ही फार मानतो. दाढीचे इतके, केसांचे इतके, असे लिहिले की गिऱ्हाइकाची जात, धर्म, घराणे यांचा हिशेब निदान त्या पाटीवर तरी संपतो. खेड्यात ज्याला न्हावी हात लावीत नव्हता, तो शहरात खुर्चीवर बसू लागला. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ मध्ये झाला आणि दुकानात सेवा नाकारणे बेकायदा ठरले. खेड्यांतून ही नकारघंटा पुढेही दीर्घकाळ वाजत राहिली, हे खरे. पण नकार देणाऱ्याकडे आता गावच्या रिवाजाचा आधार उरला नाही.

शहरातल्या न्हाव्याने आणखी एक गोष्ट करून दाखवली. १८९० मध्ये महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हावी एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करायचे नाही असा त्यांनी निर्धार केला. या कामाचे पैसे मिळत होते. ते त्यांनी सोडले. ज्याला समाज ताटलीतल्या नाण्यांवर खूश होणारा समजत होता, त्याने कोणते पैसे घ्यायचे नाहीत हे स्वतः ठरवले. आमच्या सुधारणावादी लेखनात या घटनेचा उल्लेख स्त्रियांच्या प्रश्नाच्या अंगाने होतो, आणि तो योग्यच आहे. पण कारागिराच्या स्वाभिमानाच्या इतिहासातही तिला जागा आहे.

दूरदेशीचा एक धडा

आज आपण 'टिप' म्हणतो. हा शब्द आणि त्याबरोबरची सवय इंग्रजी हॉटेलांतून आली. तिचे सर्वांत मोठे आगर म्हणजे अमेरिका, आणि तिथला अनुभव आमच्या मुद्द्याशी थेट जुळतो. गुलामगिरी संपल्यावर पुलमन कंपनीने आगगाडीच्या शयनयानांत पूर्वी गुलाम असलेल्या काळ्या लोकांना सेवक म्हणून घेतले. पगार तुटपुंजा, बाकीचे प्रवाशांच्या टिपवर भागवायचे. टिप ही लोकशाहीला न शोभणारी गोष्ट आहे असे म्हणणारेही तिथे होते. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने आणि पुढे आणखी काही राज्यांनी टिपवर कायद्याने बंदी घातली. आयोवा राज्याचा १९१५ चा असा कायदा १९१९ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने रद्द ठरवला, तो एका न्हाव्याच्याच खटल्यात. १९२६ पर्यंत हे सारे कायदे मागे पडले. बंदीने प्रश्न सुटला नाही. सुटला तो थोडाफार संघटनेने: शयनयानातल्या सेवकांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना काढली आणि १९३७ मध्ये कंपनीकडून करार मिळवला.

तरीही त्या देशाच्या संघीय कायद्यात टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवरच थांबले आहे. बाकीची भर टिपने पडावी, न पडल्यास मालकाने घालावी, असा तो नियम. अनेक राज्यांनी यापेक्षा जास्त वेतन ठरवले आहे. पण मूळ तत्त्व तेच. गिऱ्हाइकाची बख्शिश मालकाच्या सोयीची झाली. सुंतेच्या ताटलीचे हे आधुनिक रूप आहे.

आजची खुर्ची

आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या पुष्कळ सलूनांत कारागीर टक्केवारीवर काम करतो. गिऱ्हाईक आले तर कमाई, नाही आले तर नाही. खुर्ची मालकाची, हात कारागिराचे. २०२० मध्ये मार्चअखेरीस टाळेबंदी झाली तेव्हा हे उघडे पडले. महाराष्ट्रात सलून उघडायला २८ जून उजाडला, आणि तेव्हाही फक्त केस कापण्याची मुभा होती, दाढीची नव्हती. तीन महिने ज्यांचे हात थांबले, त्यांच्यासाठी पगार नावाची गोष्टच नव्हती. वर्षानुवर्षे एकाच हातून दाढी करून घेणाऱ्या किती जणांनी त्या हाताची चौकशी केली?

आता व्यवहार मोबाइलवरून होतो. भिंतीवरच्या चौकोनी छाप्यावर फोन धरला की रक्कम जाते, पण ती मालकाच्या खात्यात. पूर्वी मुठीत सरकवलेली दहाची नोट निदान कारागिराच्या खिशात राहत होती. वरचे पैसे देणाऱ्याला आपण दिले असे वाटते आणि ज्याने काम केले त्याला ते कळतही नाही, असे आता घडू शकते.

मग करावे काय? इतिहासातून आम्हांला जे दिसते ते थोडक्यात मांडतो. पहिले, दर विचारावा आणि तो पूर्ण द्यावा. घासाघीस करून दर पाडायचा आणि मग खुशीने पाच रुपये बक्षीस द्यायचे, यात उदारपणा नाही. ती उजरतीची चोरी आणि हदियाचा देखावा आहे. दुसरे, वर द्यायचे असेल तर ज्याने काम केले त्याच्या हातात द्यावे, नाव घेऊन आणि नजर मिळवून द्यावे. काउंटरवर टाकू नये. तिसरे, सणाचे देणे आनंदाने द्यावे. मराठी मुलखात दिवाळीची पोस्त आहे, आमच्यात ईदी आहे. दोन्ही भेटी आहेत. ईदी घरातल्या मुलांना जशी प्रेमाने देतो, तशीच ईदच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत उभे राहून आमच्या दाढ्या कोरणाऱ्याला द्यावी. त्याची ईद आमच्यापेक्षा उशिरा सुरू होते. चौथे, जकात-सदक्याचा हिशेब वेगळा ठेवावा. हज्जाम गरजू असेल तर त्याला जकात जरूर द्यावी, पण ती त्याच्या कामाच्या खात्यात धरू नये. गुस्ल देणाऱ्याला आणि दाईलाही हेच लागू आहे. आणि शेवटचे, मोहल्ल्याच्या कमिट्या, जमाती आणि आमच्या साहित्य संस्था यांनी सलूनमधल्या कारागिराच्या वेतनाचा, आजारपणाचा आणि म्हातारपणाचा प्रश्न आपला मानावा.

चार-पाच तास उभे राहिल्यावर पोटऱ्यांना येणारे गोळे, कातरीच्या कडीने अंगठ्याला पडलेले घट्टे, पन्नाशीनंतर थरथरू लागणारा हात, यांचा हिशेब कोणत्याही टिपने पुरा होत नाही. अबू तैबाच्या मालकांशी जे बोलणे झाले, ते बोलणे आपल्या गावातल्या दुकानांत अजून व्हायचे आहे.